एक वाजता लागणारा लाल दिवा

नारायणराव देवचक्क्यांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत कुणाचा शब्द म्हणून खरा धरला नाही, आणि निवृत्त झाले ते ही सवय सोबत घेऊनच घरी आले. नोकरी एसटीत, तिकीट तपासनिसाची. मी रंगनाथ आव्हाड, त्याच एसटीत कंडक्टर. म्हणजे ते पकडणारे आणि मी पकडला जाणारा. आता दोघेही घरी बसलोय आणि पाथर्डीत भिंतीला भिंत लावून राहतो. ज्या माणसाला चुकवण्यात माझी निम्मी नोकरी गेली, त्याचं तोंड आता रोज सकाळी दात घासताना बघावं लागतं.

नोकरीत असताना ते कधी स्टँडवर गाडीत चढायचे नाहीत. स्टँडवर कंडक्टर सावध असतो. करंजीच्या घाटात चढाला गाडी मंद झाली की हे बाभळीआडून बाहेर यायचे, हात करायचे, आणि ड्रायव्हर ब्रेक मारतो न मारतो तोच दाराच्या दांडीला लटकलेले असायचे. आधी माणसं मोजायची, मग तिकिटं, आणि बोलायचं सगळ्यात शेवटी. "विचारलं की माणूस खोटं बोलतो, आव्हाड. न विचारता बघावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मलाही एकदा धरलं. तिसगावला चढलेल्या एका म्हातारीचं तिकीट फाडायचं राहून गेलं होतं. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, मी आईची शपथ घेतली, म्हातारीनंही घेतली. त्यांनी दोन्ही शपथा शांतपणे ऐकल्या आणि रिपोर्ट लिहिला. अक्षर मात्र मोत्यासारखं.

घरीही तेच. दूधवाल्याचं दूध स्वतःच्या मापानं मोजून घ्यायचे. गॅसची टाकी आली की वजन बघायला ताणकाट्याला लटकवायचे. देवळातल्या घड्याळाची वेळ आपल्या घड्याळाशी ताडून बघायचे आणि पुजाऱ्याला सांगायचे, दोन मिनिटं मागे आहे. मी कधी सहज म्हटलं, "साहेब, बरं हाय ना?" तर लगेच विचारायचे, "का?" आता या 'का'ला माणसानं काय उत्तर द्यावं?

अशा माणसाच्या पोटी मैत्रेयी जन्मली. एकुलती एक. नगरला बँकेत चांगली नोकरी होती तिला. सहा वर्षांपूर्वी ती सोडून मुंबईला नाटक-मालिकांत काम करायला निघाली. भांडण माझ्या भिंतीपलीकडं झालं, त्यामुळं मला शब्दन् शब्द ऐकू आला. नारायणराव म्हणाले, "त्या धंद्यात खरं काय असतं? खोटं हसायचं, खोटं रडायचं. जायचं तर जा, पण मग या दारात पुन्हा यायचं नाही." पोरगीही त्यांचीच. गेली ती गेली. नारायणरावांच्या तोंडून पुन्हा तिचं नाव आलं नाही आणि घरात दुसऱ्या कुणी काढलं की ते उठून अंगणात जायचे.

तिची आई, आमच्या सुचित्रावहिनी, तिच्याशी चोरून बोलायच्या. त्यांचा फोन साधा, बटणांचा. मागच्या मोरीत नळ सोडून बोलायचं, म्हणजे बाहेर ऐकू जात नाही. पण सहा वर्षांत लेकीचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. गुडघे धरलेले, एकटीनं मुंबईचा प्रवास होत नाही, आणि सोबत कुणी घ्यावं तर घरात आधी सांगायला हवं.

तर अशा या वहिनी जूनमध्ये एका संध्याकाळी माझ्या घरी आल्या. माझी बायको कडूबाई शेंगा निवडत बसली होती. वहिनी तिच्याजवळ खालीच टेकल्या.

"भाऊजी, मैत्रेयीला मालिकेत काम मिळालंय. छोटंसंच आहे, मोलकरणीचं. मंदा नावाची. रोज दुपारी एक वाजता लागते."

"मग बघा की वहिनी. त्यात काय हाय?"

"एक वाजता ह्यांचं पान वाढायचं असतं. समोर बातम्या लावून बसलेले असतात. तुमच्याकडे येते म्हटलं तर विचारतील, रोज एकला आव्हाडांकडे काय आहे?" मग त्या एकदम म्हणाल्या, "मला ती बघायची आहे हो. काही करा, पण मला ती बघायची आहे."

कडूबाईनं माझ्याकडं असं पाहिलं की नाही म्हणायची सोयच राहिली नाही. मी आधी माझ्या मोबाईलवर शोधलं. पण ती वाहिनी नवीन आणि लहान, दुपारच्या मालिकांचे जुने भाग ती मोबाईलवर टाकतच नव्हती. राहिला टीव्हीचा डबा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स. माझा डबा साधा. त्यांच्या डब्याला मात्र मागं पेनड्राईव्ह लावायची सोय होती. ही सोय नारायणरावांना हवी होती असं नाही. दुकानदार म्हणाला होता, यात रेकॉर्डिंग फुकट आहे, तेव्हा तो खरं बोलतो का ते बघायला त्यांनी मुद्दाम तोच डबा घेतला होता. आणि बिलात त्याचे पैसे लावलेले नाहीत हे बघितल्यावर त्या सोयीला कधी हात लावला नव्हता.

संध्याकाळी पाच ते सात नारायणराव स्टँडवर बसतात, गाड्या वेळेवर सुटतात की नाही ते बघायला. कुणी सांगितलेलं नाही, पगार नाही, तरी बसतात. ते गेल्यावर मी त्यांच्या घरात शिरलो. डब्याच्या मागं पेनड्राईव्ह खुपसली, रिमोटवर कार्यक्रमांची यादी काढली, एक वाजताची मालिका शोधली आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. डब्यानं विचारलं, हा एकच भाग की पूर्ण मालिका? मी पूर्ण मालिका दाबलं. झालं. आता कुणी हात लावायचं कारण नाही. रोज एक वाजता डबा आपला आपण जागा होणार, भाग उतरवून घेणार, आणि त्याच वेळी समोर बातम्या चालू असल्या तरी त्यांना धक्का लागणार नाही.

"अवं, पन त्यो डबा बोंबलला तर?" कडूबाईनं विचारलं.

"त्याला काय तोंड हाय का?" मी म्हणालो.

तोंड नव्हतं, पण दिवा होता. रेकॉर्डिंग सुरू झालं की डब्याच्या पुढच्या बाजूला हरभऱ्याएवढा लाल दिवा लागतो, हे मला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या दिवशी एकच्या ठोक्याला तो नारायणरावांच्या बरोबर नाकासमोर लागला. पोळीचा घास हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, "हा दिवा कसला?" वहिनी म्हणाल्या, "असेल काहीतरी." हे उत्तर त्या घरात चालण्यासारखं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ते घड्याळ घेऊनच जेवायला बसले. एकला लागला, दीडला विझला. चौथ्या दिवशी तसंच. रविवारी लागलाच नाही, कारण रविवारी मालिका नसते. सोमवारी पुन्हा एक वाजता लागला. आठवडाभरात त्यांनी त्याचं वेळापत्रक बसवलं, आणि मंगळवारी सकाळी ते माझ्या दारात उभे.

"आव्हाड, तुमच्या टीव्हीची वायर कुठून येते?"

"छतावरनं. का साहेब?"

"बघायचीय."

साठी उलटलेला माणूस काठी टेकत माझ्या जिन्यानं वर गेला. माझ्या डिशच्या छत्रीपासून निघालेली वायर हातानं चाचपत चाचपत खाली आला. खिडकीतून आत, टीव्हीच्या मागं, आणि परत उलटा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना वाटत होतं की मी त्यांच्या डब्यातनं चोरून चॅनेल ओढतोय. विनातिकीट प्रवासी!

"साहेब, आता तरी सोडा हो," मी तापून म्हणालो. "मी रिटायर झालोय. माझी झडती घ्यायचा हक तुमाला ऱ्हायला न्हाई."

"वायर स्वच्छ आहे," ते म्हणाले आणि निघाले. जाता जाता वळून म्हणाले, "दिवा मात्र लागतो."

इकडं वहिनींचा संसार संध्याकाळी सव्वापाचला सुरू व्हायचा. नारायणरावांची पाठ वळली की कडूबाई तिकडं जायची, मीही जायचो. खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढून वहिनी बसायच्या. मालिका कसली हे मला आजही नीट सांगता यायचं नाही. पुण्यातलं बडं घर, दोन जावा, एक हरवलेला दस्तऐवज. त्यात मंदा यायची ती चहाचा ट्रे घेऊन, नाहीतर कुणाला तरी फोन आलाय म्हणून सांगायला. पाच-दहा सेकंद. तेवढ्यात वहिनी सगळं बघून घ्यायच्या. "हडकलीय." "केस कापलेत वाटतं." "त्या ताटाला वजन असेल, दोन हातांनी धरलंय." मग भाग पुन्हा मागं घ्यायचा आणि पुन्हा तेवढंच बघायचं. मला आधी हसू यायचं. नंतर मी हसणं सोडलं, कारण त्या बाईच्या चेहऱ्यावर त्या दोन तासांत जे दिसायचं ते मी सहा वर्षांत पाहिलं नव्हतं.

भीती एकच. हे नारायणरावांना कळलं तर ते डबा उचलून उकिरड्यावर टाकतील, आणि वहिनींना लेक दिसायची ती एवढीच जागा, तीही जाईल.

जुलैत एके दिवशी नारायणरावांनी सकाळीच जाहीर केलं, "मी नगरला दातांच्या डॉक्टरकडे जातोय. संध्याकाळी येईन." साडेदहाच्या गाडीनं गेले. मी स्वतः त्यांना गाडीत बसताना पाहिलं. वहिनींच्या आनंदाला पारावार नव्हता, कारण आज पहिल्यांदाच एक वाजताचा ताजा भाग एक वाजता बघायला मिळणार होता. कडूबाई पावणेएकलाच तिकडं गेली.

मी जरा उशिरा निघालो. त्यांच्या फाटकातून आत वळलो आणि जागच्या जागी थिजलो. नारायणराव खिडकीशी उभे होते. चपला हातात. मला कळायला वेळ लागला नाही. हा माणूस तिसगावला उतरून जीपनं उलटा आला होता, आणि स्टँडपाशी न उतरता अलीकडंच उतरून चालत आला होता. चौतीस वर्षं बाकीच्यांवर चालवलेली युक्ती आज त्यांनी घरच्यांवर चालवली होती.

आत मालिकेतली मोठी जाऊ मंदावर खेकसत होती. महागडा कप फुटला होता. आणि मंदा, म्हणजे आमची मैत्रेयी, मान वर करून म्हणाली, "बाईसाहेब, मी नाही फोडला. विचारून तरी बघा."

नारायणराव हलले नाहीत. भाग संपेपर्यंत तिथंच उभे राहिले. मग वळले, मला पाहिलं आणि अनवाणीच फाटकाबाहेर गेले. चपला त्यांनी कोपऱ्यावर जाऊन घातल्या. संध्याकाळी सातला नेहमीसारखे घरी आले आणि वहिनींना म्हणाले, "डॉक्टर नव्हते."

मी बायकांना यातलं काही सांगितलं नाही. त्यांचा एवढा चांगला दिवस गेला होता, कशाला नासवा? पण माझी झोप उडाली. आज स्फोट होईल, उद्या होईल. काहीच होईना. दुपारी एकला दिवा लागायचा, नारायणराव त्याच्याकडं न बघता भात कालवायचे. हे मला सगळ्यात वाईट वाटलं. ज्या तपासनिसाला गुन्हा सापडलाय आणि तो लिहीत नाही, तो मोठ्या गुन्ह्याची वाट बघत असतो, हे कुठलाही कंडक्टर सांगेल. आता मीच त्यांच्यावर नजर ठेवायला लागलो. भिंतीला कान लावून उभा राहायचो आणि कडूबाई माझ्याकडं बघून कपाळावर हात मारायची.

मग वहिनींना एक गोष्ट खटकली.

"भाऊजी, कालचा भाग मी उघडला नव्हता. तरी डबा विचारतोय, सुरुवातीपासून बघायचा की सोडला होता तिथून. कुणी सोडला होता?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी खिडकीची गोष्ट सांगितली. वहिनींनी लगेच हिशेब मांडला. सकाळी साडेपाचला त्या दत्ताच्या देवळात जातात, पाऊण तासानं येतात. तेवढा वेळ नारायणराव घरात एकटेच.

"म्हणजे ते बघतायत," त्या म्हणाल्या.

"पर कशापाई?" कडूबाई म्हणाली. "पोरीची माया आली आसंल."

वहिनींनी मान हलवली. "तुम्हाला माहीत नाहीत हे. पुरावा गोळा करतायत. ती तिथं खोटं रडते, खोटं बोलते, हे एक दिवस माझ्यासमोर मांडतील. तारीखवार." आणि मलाही तेच पटलं. माया बोलून दाखवते, हा माणूस गप्प होता.

ऑगस्टच्या मध्यात मंदा मालिकेतून गावी गेली. मैत्रेयीनं फोनवर सांगितलं, आई, माझं काम संपलं, आता पुढं बघू. वहिनी थोड्या हिरमुसल्या, मग म्हणाल्या, "असू दे. आहेत तेवढे माझ्याजवळ आहेत. तेच पुन्हा पुन्हा बघेन." आणि खरंच बघायच्या. लेकीचं काम असलेले एक्केचाळीस भाग होते. कुठल्या भागात ती कुठल्या दारातून येते, ते त्यांना पाठ झालं होतं.

सप्टेंबरात एका मंगळवारी संध्याकाळी कडूबाई धावत मला बोलवायला आली. मी गेलो तर वहिनी रिमोट हातात घेऊन उभ्या. पडद्यावर यादी होती, आणि यादीत एकच भाग, त्याच दिवशी दुपारचा, ज्यात मंदा नव्हती. मी सगळी बटणं दाबून पाहिली. पेनड्राईव्ह काढून पुसून पुन्हा लावली. काही नाही. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस गेले होते.

वहिनी रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "ह्यांनीच केलं," आणि खुर्चीत बसून राहिल्या. माझं मात्र टाळकं फिरलं. सात वाजता नारायणराव फाटकातून आत आले तेव्हा मी दारातच उभा होतो.

"साहेब, ते भाग तुमी पुसले का?"

"हो," ते म्हणाले. "माझ्या हातून पुसले गेले."

पुढचं मी ऐकूनच घेतलं नाही. "शाब्बास! पोरीला घरातनं काढली, आता टीव्हीतनं बी काढली! त्या माउलीनं काय मागितलं हुतं तुमच्याकडं? दहा सेकंदाची लेक. तेवढी बी बघवली न्हाई तुमाला. लई गाड्या तपासल्या साहेब तुमी, पर तुमच्यासारका कोरडा मानूस मी एका गाडीत बघितला न्हाई."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. वाटलं आता मला फाटकाबाहेर काढतील. पण ते आत गेले, वहिनींच्या समोर स्टुलावर बसले, आणि खाली बघत बोलायला लागले. वाक्य वाक्य तोडून, रिपोर्ट वाचावा तसं.

"रोज पहाटे लावला की डबा दिवसातून एकदाच एक पाटी दाखवायचा. जागा संपत आली आहे, जुने भाग आपोआप पुसले जातील. मंदा गावी गेली, पण रेकॉर्डिंग चालूच होतं. रोज एक नवा भाग यायचा आणि तिचा एक जायचा. माझ्या डोळ्यांदेखत चार गेले. जूनमधले. तुझ्या लक्षात आलं नाही, तू हल्ली शेवटचेच बघत होतीस."

माझी मान खाली गेली. मालिका लावून दिली ती मी. ती बंदही करायची असते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मला इचारायचं ना साहेब," मी पुटपुटलो.

"तुम्हाला?" ते म्हणाले, आणि त्या एका शब्दात आमची सगळी नोकरी आली. "काल पेनड्राईव्ह काढून नगरला घेऊन गेलो. कॉम्प्युटरच्या दुकानात. म्हटलं, दुसरीकडं उतरवून ठेवू, म्हणजे डब्याच्या भरवशावर राहायला नको. दुकानदारानं लावली. म्हणाला, हे असं वाचता येत नाही, कॉम्प्युटर म्हणतोय आधी फॉरमॅट करायला पाहिजे. करू का? मी म्हटलं, करा."

"तुमी म्हनला करा?" माझा विश्वास बसेना. "काय करनार, कसं करनार, कायबी न इचारता?"

"नाही विचारलं. चारची गाडी पकडायची होती. ही संध्याकाळी टीव्ही लावायच्या आत परत जागेवर लावायची होती. तशीही गाडी उशिरा सुटली, घरी यायला उशीरच झाला. काल कडूबाईंकडे हळदीकुंकू होतं म्हणून टीव्ही लागला नाही, एवढंच. फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं, हे आज पहाटे यादी रिकामी दिसली तेव्हा कळलं."

उभ्या जन्मात या माणसानं एकाच अनोळखी माणसावर पहिल्या झटक्याला विश्वास टाकला, आणि नेमका तो इथं. मला हसावं की रडावं कळेना. कडूबाईनं पदर तोंडाला लावला होता.

आता वहिनींनी विचारलं, आणि त्यांचा आवाज मी कधी इतका कडक ऐकला नव्हता. "पण तुम्ही बघत का होतात? काय शोधत होतात तिच्यात?"

नारायणराव उठले, कपाटातून एक हिरव्या पुठ्ठ्याची वही घेऊन आले आणि वहिनींच्या मांडीवर ठेवली. मी खांद्यावरून पाहिलं. तेच सुरेख अक्षर. डावीकडं तारीख, मग मिनिट, मग मजकूर. 'अकरा जुलै. नववं मिनिट. "बाईसाहेब, मी नाही फोडला. विचारून तरी बघा."' 'तेरा जुलै. चौथं मिनिट. "चहा ठेवू का ताई?" आवाज बसलेला, सर्दी असावी.' 'एकोणीस जुलै. पाय लंगडत होती. कामापुरतं की खरंच, कळत नाही.' पानंच्या पानं. सगळ्या एक्केचाळीस भागांची. खिडकीच्या दिवशी त्यांना पहिला भाग दिसला, आणि त्याआधीचे त्यांनी पहाटे बसून एकेक करून काढले होते.

वहिनींनी चार पानं वाचली आणि वही मिटली. "हे मला काय दाखवता," त्या म्हणाल्या. "तिला सांगा."

नारायणरावांनी खिशातून स्वतःचा मोबाईल काढला. नंबर शोधावा लागला नाही, दहाही आकडे त्यांनी न अडखळता दाबले. कान कमी झाल्यापासून ते फोन मोठ्या आवाजावरच ठेवतात, त्यामुळं आम्हाला सगळं ऐकू येत होतं. दोनदा रिंग वाजली आणि फोन उचलला गेला.

"बाबा?" मैत्रेयीचा आवाज एकदम चिरकला. "आईला काय झालं?"

"काही नाही झालं."

"खोटं बोलू नका. तुम्ही फोन केलाय म्हणजे... कुठल्या दवाखान्यात आहात? बाबा, खरं सांगा. आई आहे ना?"

सहा वर्षांत या बापाचा पहिला फोन आला, तर पोरीला वाटलं आई गेली. त्यांना ते समजलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघू शकलो नाही. वहिनींनी फोन ओढून घेतला.

"अगं मी आहे. ठणठणीत आहे. घरात बसलेय."

पलीकडून मैत्रेयी म्हणाली, "मग बाबांनी फोन का केला?"

वहिनींनी फोन परत त्यांच्या हातात दिला.

"मी तुझी मालिका बघितली," नारायणराव म्हणाले. "सगळे भाग. आणि काल ते माझ्या हातून पुसले गेले. ते सांगायला केला."

"तुम्ही बघितली?" तिच्या आवाजात राग होता. "आईनं सांगितलं असेल, तेवढं म्हणायला. बरं, मंदाच्या नवऱ्याचं पत्र येतं, त्या भागात मी काय म्हणाले?"

बापाचीच लेक. मी मनात म्हटलं, घाटात गाडी अडवली पोरीनं. नारायणराव वही उघडायला गेले, पण त्यांनी ती उघडली नाही.

"त्या भागात तू काही बोलली नाहीस," ते म्हणाले. "दारात उभी होतीस. पत्र हातात. सहा सेकंद. मग दार लावून घेतलंस."

नारायणरावांना वाटलं फोन तुटला, म्हणून ते हॅलो, हॅलो म्हणायला लागले. मग आम्हाला ऐकू आलं की ती रडतेय.

"दोन वाक्यं होती," ती हुंदक्यांतून म्हणाली. "कापली त्यांनी. कुणाच्या लक्षात पण आलं नसेल असं वाटलं होतं."

वहिनींनी डोळे पुसले. नारायणरावांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता.

"मुंबईहून रात्री पाथर्डीची गाडी आहे," शेवटी ते म्हणाले. "पहाटे येते. तू म्हणशील त्या दिवशी मी स्टँडवर असेन."

"विचार करून सांगते," मैत्रेयी म्हणाली.

नारायणरावांनी फोन खिशात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी पाचऐवजी ते पहाटे साडेचारला स्टँडवर जायला लागले. मैत्रेयीनं दिवस अजून कळवलेला नाही. आज तेरा दिवस झाले.